पंच्याण्णव गावांची वाटचाल

लोकनेते दि. बा. पाटील यांच्या जन्माला १३ जानेवारी २०२६ रोजी शंभर वर्षे पूर्ण झाली. जन्मशताब्दीच्या स्मरणिकेत त्यांच्या आयुष्याबरोबर प्रकल्पग्रस्तांच्या संघटनाचा इतिहास यावा, हे ओघानेच आले. या संघटनाला काळानुसार वेगवेगळी नावे पडली. कधी ती संघर्ष समिती होती, कधी कृती समिती, तर कधी नुसती गावकीची बैठक. माणसे बदलली, झेंडे बदलले. पण काम एकच राहिले. ज्यांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली, त्यांना या शहरात हक्काचा वाटा मिळवून देणे हे ते काम. दिबा वकील होते आणि आयुष्यभर लढणारे होते. लढ्याची ही दोन्ही अंगे त्यांच्यात एकत्र होती आणि संघटनानेही ती त्यांच्याकडूनच घेतली. हा इतिहास लिहिताना एका माणसाचे श्रेय सांगायचे आणि हजारो माणसांचे विसरायचे, असे होऊ नये याची काळजी घेतली आहे.

पूर्वपीठिका : १९५० पर्यंत

उरण, पनवेल आणि बेलापूर पट्टीतली गावे आगरी, कोळी, कराडी समाजांची. खाडीला बांध घालून खाऱ्या जमिनीतून भात काढायचा, उरलेल्या दिवसांत मिठागरावर राबायचे, भरती-ओहोटी बघून मासळीला जायचे, असा इथला संसार. बांध फुटला की वर्षाचे पीक गेले आणि पुढची काही वर्षे जमीन नापीक झाली. त्यामुळे बांध राखणे हे साऱ्या गावाचे काम असे. पुढे १९८४ च्या सत्याग्रहाला घरटी माणूस निघाला, तो याच सवयीने निघाला असे आम्हाला वाटते.

अन्यायाविरुद्ध उभे राहणे या मातीला नवे नव्हते. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांनी गोळीबार केला. नाग्या कातकरी आणि त्यांच्याबरोबरचे सत्याग्रही हुतात्मे झाले. पुढे १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. तो सहा वर्षे चालला. कुळांनी शेते ओसाड ठेवली, उपास काढले, जंगलातली लाकडे विकून दिवस ढकलले. पण खंडाच्या अन्याय्य अटी मान्य केल्या नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. कुळकायदा आला तो अशा लढ्यांच्या रेट्यातून.

दिनकर बाळू पाटील यांचा जन्म १३ जानेवारी १९२६ रोजी उरण तालुक्यातल्या जासई गावी झाला. चिरनेरच्या गोळीबाराच्या वेळी ते चार वर्षांचे होते, चरीचा संप मिटला तेव्हा तेरा वर्षांचे. शेतकऱ्यांच्या लढ्याच्या गोष्टी त्यांना पुस्तकात शोधाव्या लागल्या नसतील. त्या घरोघर बोलल्या जात होत्या.

१९५० ते १९६९ : वकिली आणि विधानसभा

कायद्याची पदवी घेऊन दिबांनी पनवेलला वकिली सुरू केली. त्या काळी खेड्यातल्या माणसाला कोर्टाची पायरी म्हणजे धास्ती. नोटीस आली की ती वाचून दाखवणारा आधी शोधायचा. नोटीस वाचता येणारा, तिला उत्तर देता येणारा आणि आपल्याच बोलीत ती समजावून सांगणारा वकील मिळणे ही या भागासाठी फार मोठी गोष्ट होती.

१९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ते शेतकरी कामगार पक्षाचे आमदार म्हणून पनवेलमधून निवडून आले. पुढे १९६२, १९६७, १९७२ आणि १९८० मध्येही पनवेलने त्यांनाच पाठवले. साठच्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात औद्योगिक वसाहतीसाठी भूसंपादन झाले. शेतकऱ्याची जमीन जाते, मोबदल्याचे पैसे लग्नकार्यात आणि घरदुरुस्तीत संपतात आणि कारखान्यात नोकरी मात्र बाहेरच्याला मिळते, हे पहिल्यांदा या पट्ट्याने बघितले. पुढे काय वाढून ठेवले आहे, याची ती सूचना होती.

याच काळात खाडीपलीकडे मुंबईची गर्दी हाताबाहेर चालली होती. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून मुख्य भूमीवर जुळे शहर वसवण्याची कल्पना मांडली. नगररचनेच्या दृष्टीने ती मोलाची कल्पना होती, हे मान्य करायला आम्हाला अडचण वाटत नाही. पण ज्या भूमीवर ती मांडली गेली, ती मोकळी नव्हती.

१९७०चे दशक : नोटिसा

१७ मार्च १९७० रोजी हे शहर उभारणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना झाली. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली गावे अधिसूचित झाली. आधी शहाऐंशी आणि नंतर उरणची आणखी नऊ, अशी एकूण पंच्याण्णव. क्षेत्र ३४४ चौरस किलोमीटर. त्यातली जवळपास निम्मी जमीन खासगी, म्हणजे शेतकऱ्यांची होती. उरलेली सरकारी आणि मिठागरांची. पण मिठागरावर आणि खाडीवर पोट भरणाऱ्यांच्या नावे सातबारा नव्हता, त्यामुळे त्यांच्या नुकसानीची मोजदाद कुणी केली नाही. लढ्याच्या इतिहासात त्यांची नोंद कमी आहे. ती इथे आवर्जून करतो.

नव्या शहराचे अर्थकारण समजून घेतल्याशिवाय हा लढा समजत नाही. जमीन हेच शहराचे भांडवल, असे सूत्र होते. कच्ची जमीन कमी भावात घ्यायची, रस्ते, पाणी, गटारे देऊन तिचा विकास करायचा, भूखंड पाडून चढ्या भावाने विकायचे आणि त्या पैशातून पुढचे शहर बांधायचे. सरकारवर बोजा कमी. पण या हिशेबात भांडवल कुणी पुरवले? भात पिकवणाऱ्याने. त्याला मोबदला मिळणार होता तो भाताच्या शेताचा. शेजारी उद्या उभ्या राहणाऱ्या शहराचा भाव त्यात धरला जात नव्हता. दिबांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा सगळा युक्तिवाद या एका मुद्द्यावर उभा होता.

लढ्याची पहिली फेरी कागदावर झाली. भूसंपादन १८९४ च्या कायद्याने चालत होते. कलम चारची अधिसूचना, हरकती, कलम सहाची घोषणा, मग नोटिसा आणि शेवटी भूसंपादन अधिकाऱ्याचा निवाडा. निवाड्यातला मोबदला मान्य नसेल तर कलम अठराखाली प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे नेता येत असे. पण त्यात एक मेख होती. पैसे उचलताना हक्क राखून, म्हणजे लेखी हरकत नोंदवून उचलले नाहीत, तर तो अधिकार हातचा जाई. अर्जाला मुदतही ठरलेली. अंगठा उठवून पैसे घेतलेल्या कित्येकांना या एका ओळीचे मोल नंतर कळले. हरकत नोंदवा, पावती जपा, मुदत चुकवू नका, हे गावोगाव सांगत फिरण्याचे काम पनवेल-उरणच्या वकिलांनी, शिकलेल्या तरुणांनी आणि प्राथमिक शिक्षकांनी केले. सभा मोठ्या होत, फोटो त्यांचे निघत. पण संघटनाचा पाया या कामाने घातला.

१९७२ ते १९७७ या काळात दिबा विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. सभागृहात अभ्यास करून बोलणारा नेता अशी त्यांची ख्याती होती. १९७७ मध्ये कुलाबा मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठवले. एक खासदार दिल्लीत आणि पंच्याण्णव गावे दारात नोटिसा घेऊन उभी, असा तो काळ.

१९८०चे दशक : जासई

न्हावा-शेवा बंदराची घोषणा झाली आणि उरण तालुक्यातल्या उरल्यासुरल्या जमिनीवरही संपादनाची पाळी आली. शहरासाठी गेलेली आणि बंदरासाठी जाणारी अशा जमिनींचा प्रश्न एकत्र झाला. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. वाढीव मोबदला, विकसित जमिनीत वाटा आणि प्रकल्पात नोकऱ्या या मागण्या जुन्याच होत्या. उत्तर मिळत नव्हते. दिबांनी सत्याग्रहाची हाक दिली.

जानेवारी १९८४ मध्ये काय झाले, हे आज साठीच्या पुढे असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण स्मरणिका नातवंडांनीही वाचायची असते. १६ जानेवारीला जासईजवळ दास्तान फाट्यावर हजारो माणसे जमली. बायका मोठ्या संख्येने होत्या, कडेवर मुले घेऊन आलेल्याही होत्या. पोलिसांनी गोळीबार केला. चिर्ल्याचे नामदेव शंकर घरत आणि धुतूमचे रघुनाथ अर्जुन ठाकूर हुतात्मे झाले. दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, पुन्हा गोळीबार झाला. पागोटे गावचे महादेव हिरा पाटील, केशव महादेव पाटील आणि कमलाकर कृष्णा तांडेल हे तिघे गेले. महादेव आणि केशव हे बापलेक. एका घरातून एका दिवशी दोन तिरड्या निघाल्या.

अनेकजण जखमी झाले, त्यांतले काही आयुष्यभरासाठी अधू झाले. तुरुंगात गेलेल्यांची, लाठ्या खाल्लेल्यांची, जखमींना बैलगाडीतून आणि खांद्यावरून नेणाऱ्यांची, मागे घर सांभाळणाऱ्यांची यादी कुणाकडेच पूर्ण नाही. पाच हुतात्म्यांची नावे घेताना त्या सर्वांना एकत्र वंदन करतो.

चिरनेर आणि जासई एकाच तालुक्यात. दोन गोळीबारांत त्रेपन्न वर्षांचे अंतर. पहिल्या वेळी राज्य परक्यांचे होते, दुसऱ्या वेळी आपले होते. ही गोष्ट त्या पिढीच्या मनाला किती लागली, हे तिच्याशी बोलल्याशिवाय कळत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात लोकसभेची निवडणूक झाली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट होती, भलेभले वाहून गेले. कुलाबा मतदारसंघाने मात्र दि. बा. पाटलांना निवडून दिले. जानेवारीत झालेल्या गोळीबाराला गावांनी दिलेले उत्तर म्हणून आम्ही या निकालाकडे बघतो.

याच वर्षी सप्टेंबरात भूसंपादन कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. दिलासा रक्कम पंधरा टक्क्यांवरून तीस टक्के झाली. ज्यांनी मुदतीत अर्ज केला नव्हता, त्यांनाही त्याच अधिसूचनेतल्या दुसऱ्या शेतकऱ्याच्या न्यायालयीन निकालाच्या आधारे वाढीव मोबदला मागण्याची सोय झाली. ती दुरुस्ती देशभरासाठी होती. एका जासईमुळे ती झाली असे म्हणणे बरोबर होणार नाही. पण तिचा उपयोग करून घ्यायला आपली गावे तयार होती, कारण दहा-बारा वर्षे कागद जपण्याची सवय लागली होती. पुढची कित्येक वर्षे वाढीव मोबदल्याचे दावे अलिबाग आणि ठाण्याच्या न्यायालयांत आणि त्यापुढे उच्च न्यायालयात चालले. वकिलांच्या एका अख्ख्या पिढीची हयात त्यात गेली.

२६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झाले. जवाहरलाल नेहरू बंदर आज देशातल्या अव्वल कंटेनर बंदरांपैकी एक आहे.

१९९०चे दशक : साडेबारा टक्के

६ मार्च १९९० रोजी राज्य सरकारने साडेबारा टक्के योजनेचा निर्णय घेतला. शरद पवार तेव्हा मुख्यमंत्री होते. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ शेतकऱ्याला परत द्यायची, असे योजनेचे सूत्र. सार्वजनिक सोयींसाठी त्यातून पावणेचार टक्के वजा होतात, म्हणजे हातात पडतात ते पावणेनऊ टक्के. आकडा लहान दिसतो. पण यातून तत्त्व बदलले. जमीन देणारा आता पैसे घेऊन निघून जाणारा विक्रेता राहिला नाही. विकसित शहरातला तो भागीदार झाला. भारतात भूसंपादनाच्या प्रश्नावर जेव्हा जेव्हा चर्चा होते, तेव्हा नवी मुंबईचे हे उदाहरण पुढे येते. दिबांचे सगळ्यात मोठे काम कोणते, असे कुणी विचारले तर आम्ही याच निर्णयाकडे बोट दाखवू. आणि त्याच श्वासात पाच हुतात्म्यांची नावे घेऊ.

अंमलबजावणीत मात्र दमछाक झाली. पात्रता ठरवायला वारसदाखले हवेत, वारसदाखल्याला कोर्ट हवे, भावाभावांत वाटण्या झालेल्या, बहिणींची नावे कुणी घातली नव्हती, काहींची नावे सातबाऱ्यावर चुकीची. भूखंड मिळेपर्यंत अनेक वृद्ध शेतकरी निवर्तले. पैशाची निकड असलेल्यांनी भूखंडाचे इरादापत्र हाती येण्याआधीच बिल्डरकडे हक्क लिहून दिले. जो वाटा मिळवायला पाच जीव गेले, तो काही घरांतून असा निसटला. ही खंत नोंदवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

१९९१ च्या डिसेंबरात नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली आणि पट्टीतली गावे महापालिकेत गेली. १९९२ मध्ये वाशीपर्यंत लोकल आली. गावच्या बैठकीत वाढलेले कार्यकर्ते नगरसेवक झाले. राजकीय वाटाही निरनिराळ्या झाल्या. मतभेद झाले, ते त्या त्या वेळी बोलूनही झाले. आज ते उगाळण्याचे प्रयोजन नाही. १६ आणि १७ जानेवारीला जासई आणि पागोट्याला सगळ्या पक्षांची माणसे एका मांडवाखाली बसतात, ही परंपरा या दशकात पक्की झाली आणि तीच संघटनाची खरी ओळख ठरली.

२००० ते २०१३ : सेझ आणि विमानतळ

नव्या शतकात विशेष आर्थिक क्षेत्रांची (सेझ) लाट आली. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या पंचेचाळीस गावांची जमीन महामुंबई सेझसाठी घ्यायची तयारी झाली. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे ज्येष्ठ नेते शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. सप्टेंबर २००८ मध्ये हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या पेण तालुक्यातल्या बावीस गावांत जमीन द्यायची की नाही यावर शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले. सरकारने शेतकऱ्याला आधी विचारावे, असे इथे क्वचितच घडले होते. तो सेझ उभा राहिला नाही. जासईचा धडा पेणच्या शेतकऱ्यांनी आधीच गिरवला होता.

पनवेलजवळच्या विमानतळाचा प्रश्न वेगळा होता. इथे शेतीबरोबर राहती घरेही जाणार होती. उलवे, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोपर, वाघिवली अशी दहा गावे आणि पाडे उठणार होते. देवळे, स्मशाने, शाळा, होळीची जागा, सगळे. वयाची ऐंशी ओलांडलेल्या दिबांकडे पनवेलच्या ‘संग्राम’ बंगल्यावर पुन्हा माणसे येऊ लागली. साडेबारा टक्क्यांवर थांबता येणार नाही, ही भूमिका इथूनच घट्ट झाली.

२४ जून २०१३ रोजी दिबांचे निधन झाले. सत्याऐंशी वर्षांचे आयुष्य. त्यातली चाळीसहून अधिक वर्षे एकाच प्रश्नाला दिलेली. त्याच वर्षाच्या अखेरीस विमानतळबाधितांसाठी साडेबावीस टक्के विकसित जमिनीच्या पॅकेजवर सहमती झाली. ते बघायला दिबा नव्हते.

२०१४ ते आज

ऑगस्ट २०१४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के भूखंडांची पत्रे देण्याचा कार्यक्रम उरण तालुक्यात झाला. बंदर सुरू होऊन तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती. जमीन घेतल्यानंतर इतका काळ थांबायला लावणे हे कोणत्याही सरकारला शोभणारे नाही, मग ते कोणत्याही पक्षाचे असो.

विमानतळाच्या कामासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, दहा गावांची माणसे नव्या वसाहतींत गेली. २०२१ मध्ये विमानतळाला दिबांचे नाव देण्याचा प्रश्न निघाला आणि संघटनात पुन्हा जान आली. सर्वपक्षीय कृती समितीच्या हाकेवर १० जून २०२१ रोजी गावोगाव मानवी साखळी झाली. २४ जूनला, दिबांच्या स्मृतिदिनी, कोरोनाच्या निर्बंधांतही प्रचंड जमाव बेलापूरच्या सिडको भवनाकडे निघाला. ज्यांनी दिबांना कधी पाहिले नव्हते अशी कॉलेजातली मुले त्यात पुढे होती. कुठेही दगड उचलला गेला नाही, हे त्या दिवसाचे मोठे यश. जून आणि जुलै २०२२ मध्ये, एकामागून एक आलेल्या दोन मंत्रिमंडळांनी दिबांच्या नावाला मंजुरी दिली. ऑगस्टमध्ये विधिमंडळाने ठराव करून तो केंद्राकडे पाठवला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली.

१२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू उरणच्या बाजूला चिर्ल्याला उतरतो. हेच नामदेव घरतांचे गाव. मुंबईहून वीस-पंचवीस मिनिटांत इथे पोचणाऱ्या प्रवाशाला हे माहीत असण्याचे कारण नाही. ते सांगणारा ठळक फलक तिथे असावा, ही आमची मागणी आहे.

सध्याचे काम

आज संघटनापुढचा मोठा प्रश्न गावठाणांचा आहे. संपादनाच्या वेळी गावठाणाच्या ज्या सीमा धरल्या, त्या पुढे वाढवल्या नाहीत. घरातली माणसे वाढली, मुलांची लग्ने झाली, म्हणून लोकांनी घराला लागून घर बांधले. सरकारी भाषेत ही ‘गरजेपोटी बांधलेली घरे’. ती नियमित करण्याचे निर्णय वेळोवेळी झाले, पण मोजणी, सीमांकन आणि मालमत्तापत्रक हातात पडेपर्यंत माणसाच्या डोक्यावर टांगती तलवार राहतेच. तरुण वकिलांची एक फळी गावनिहाय नकाशे आणि जुने निवाडे गोळा करत आहे. साडेबारा टक्क्यांची वारसांतील भांडणांमुळे अडलेली प्रकरणे सामोपचाराने मिटवणे, मासेमारीवर पोट असलेल्यांची भरपाई मागणे, बंदर आणि विमानतळातल्या नोकऱ्यांसाठी मुलामुलींना प्रशिक्षण मिळवून देणे, हीही कामे हातात आहेत. १३ जानेवारी, १६-१७ जानेवारी आणि २४ जून हे दिवस नेमाने पाळले जातात.

एक विनंती करून हा वृत्तान्त थांबवतो. १९७० ते १९९० या काळातल्या संपादनाच्या नोटिसा, निवाड्यांच्या प्रती, हक्क राखून पैसे घेतल्याच्या पावत्या, सत्याग्रहाची पत्रके, अटकेचे कागद, फोटो असे जे काही घरच्या ट्रंकेत असेल, ते वाळवीच्या तोंडी जाऊ देऊ नये. मूळ कागद घरीच ठेवावा आणि त्याची स्वच्छ प्रत आपल्या गावच्या कार्यकर्त्याकडे द्यावी. प्रतीच्या मागे गावाचे नाव, सर्व्हे नंबर आणि कागद कुणाच्या नावे आहे ते लिहावे. १९८४ च्या सत्याग्रहात असलेल्या आजी-आजोबांचे बोलणे नातवंडांनी मोबाईलवर नोंदवून ठेवावे. हे काम या वर्षीच व्हायला हवे.